निवांतपणाची चाचणी फेरी

"कागद दिसला, तर मी धाकटीच्या गाडीत बसेन," बायकोनं सांगितलं आणि ती चहात चमचा फिरवू लागली, म्हणजे विषय संपला. मिनिटराव समोर बसून शहाण्यासारखी मान डोलावत होते. कागद त्यांच्या खिशात होता.

मिनिटराव हे नाव त्यांना डेपोनं दिलेलं. चौतीस वर्षं त्यांनी शहराच्या बसगाड्यांची वेळापत्रकं बनवली. बस उशिरा आली की लोक ड्रायव्हरला शिव्या घालायचे, वेळापत्रकवाल्याचं नावही कुणाला ठाऊक नसायचं, त्यामुळे माणूस सुखात होता. स्वतःच्या लग्नाला ते चार मिनिटं आधी पोहोचले आणि या चार मिनिटांचं काय करायचं हे न सुचून हॉलच्या दाराबाहेर उभे राहिले, ही गोष्ट सासरचे अजून चवीनं सांगतात.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. "आता काय दिसतंय? ही काच बरी, की ही?" असं विचारून विचारून तिनं अर्ध्या गावाला खरं बोलायला लावलं होतं. समोरचा अंदाजपंचे अक्षरं ठोकून देतोय, हे तिला आवाजावरून कळायचं. अशा बाईपासून काही लपवू नये, एवढी अक्कल मिनिटरावांना होती. वापरायची वेळ आली की मात्र ती नेमकी रजेवर जायची.

भानगड होती ती टेकड्यांवरच्या जुन्या रस्त्याची. आजोबांच्या काळी कुठल्याशा रिकामटेकड्या सरकारनं तो बांधला, तोही लोकांना नुसतं हिंडता यावं म्हणून. दोनशे किलोमीटर, दगडी पूल, डोंगर कोरून काढलेले बोगदे, जागोजागी थांबून दरी बघायला कठडे. ट्रकना बंदी आणि साठच्या वर वेग गेला की दंड. वसंतात दोन्ही बाजूंची झाडं अशी फुलतात म्हणे, की माणसं गाडी चालवायचं विसरतात. लग्न झाल्या झाल्या बायकोनं या रस्त्याचं नाव काढलं, तेव्हा मिनिटरावांनी एकच प्रश्न विचारला होता. "पण तो जातो कुठे?"

"टेकड्यांच्या दुसऱ्या टोकाला."

"तिथं तर हायवेनं दोन तासांत जाता येतं की!"

तरी त्यांनी वचन दिलं. पुढच्या वसंतात नक्की. आता वसंत आला की उन्हाळी वेळापत्रक लागायचं, आणि ते लावायचं कुणी? त्यामुळे यंदा नाही, पुढच्या वर्षी. असे एकतीस वसंत गेले. दहाव्या वर्षापासून तिनं विचारणं सोडून दिलं, तेव्हा तिला अखेर पटलं असं मिनिटराव समजले. ती मोजत होती.

या हिवाळ्यात ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी तिनं नकाशा टेबलावर पसरला. यंदा मी जाणार, ती म्हणाली, तुमच्याबरोबर गेले तर आनंदच आहे, पण जाणार म्हणजे जाणार. निवांत, वाटेल तिथं थांबत, वाटेल तेव्हा निघत. घड्याळ नको, वेळांच्या तक्त्याचा कागद नको. नाहीतर धाकटी आहेच. धाकटी म्हणजे तिची बहीण. ती ड्रायव्हिंग स्कूल चालवायची, आणि भाऊजींनी एकदा तिची शिकाऊ गाडी बसथांब्यावर नऊ मिनिटं उभी असल्याचं तोंडावर सांगितल्यापासून त्यांच्यावर खार खाऊन होती. "ताई, तू चलच माझ्याबरोबर," ती म्हणायची. "भाऊजी घरी बसून घड्याळाला किल्ली देतील."

मिनिटरावांना खरोखर जायचं होतं. तिच्याबरोबर जायचं होतं. तिला एकटीला धाकटीच्या लाल गाडीतून जाताना बघायचं, आणि वर हात हलवून निरोप द्यायचा, हे वेळापत्रक त्यांना मुळीच मान्य नव्हतं. पण जित्याची खोड! बूट ठेवायच्या कपाटात, जुन्या बुटांच्या खोक्यात लपवून त्यांनी तक्ता करायला घेतलाच. आठ वाजता प्रस्थान. पहिला दगडी पूल, आठ बावन्न. मग 'निवांतपणा, पंचवीस मिनिटं'. त्यापुढे 'मनात येईल तिथे थांबणे, अकरा चाळीस ते अकरा पंचावन्न'. 'बायकोचं फुलांकडे बघणे' याला त्यांनी उदारपणे वीस मिनिटं दिली, मग विचार करून ती खोडून बावीस केली.

इथवर ठीक होतं. घरोघरी नवरे काय काय लपवतात, त्यात हा एक तक्ता. पण डेपोत एक नियम होता, आणि तो त्यांनीच घातलेला. वेळापत्रक भिंतीवर लागण्याआधी ते बनवणाऱ्यानं स्वतः त्या मार्गावर एक फेरी मारून यायची, हातात स्टॉपवॉच घेऊन. चाचणी फेरी झाल्याशिवाय मिनिटरावांनी आयुष्यात एक बस सोडलेली नव्हती.

मंगळवारी सकाळी त्यांनी गालाला हात लावला. दातवाल्याकडे जातो, म्हणाले, मोठं काम आहे, दिवस जाईल. बायकोनं त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि "जपून" एवढंच म्हणाली. संध्याकाळी साडेसहाला ते परत आले. चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचा आनंद होता आणि दुखऱ्या दातांनी ते भाजलेले दाणे कडाकडा फोडत होते.

गुरुवारी धाकटी आपली बॅग भरूनच आली, ताईची बॅग किती मोठी आहे ते बघायला, असं म्हणत. खरं तर ती भाऊजींची गाडी बघायला आली होती. टायरना लाथा मारून झाल्या, बॉनेट उघडून झालं, आणि मग ती स्वयंपाकघरात येऊन टेबलावर काहीतरी ठेवून शांतपणे बसली. वायपरच्या पट्टीखाली अडकलेल्या चार-पाच पाकळ्या होत्या त्या.

"शहरात हे झाड नाही, ताई," ती म्हणाली. "दातवाला डोंगरावर गेलाय का राहायला?"

मिनिटरावांनी घाईघाईनं गालाला हात लावला. बायकोनं पाकळ्यांकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं खुर्ची ओढली, त्यांच्यासमोर बसली आणि दुकानातल्या त्या आवाजात विचारलं, "जाऊन आलात?"

"चाचणी फेरी," मिनिटराव म्हणाले.

"एकतीस वर्षं थांबले मी. आणि तुम्ही एकटे जाऊन बघून आलात." तिचा आवाज चढला नाही, पण 'एकटे' म्हणताना तो फाटला, आणि धाकटीसुद्धा खाली बघायला लागली.

"अगं, तुझ्यासाठीच..."

"सांगा मग. काय दिसलं?"

"पहिल्या पुलापर्यंत बावन्न मिनिटं लागतात. मी म्हटलं तेवढीच. तिथून पहिला बोगदा चौदा."

"पूल कसा आहे?"

"दगडी."

"ते नकाशावरही लिहिलंय. खाली नदी आहे?"

मिनिटराव विचारात पडले. "असावी. पूल आहे म्हणजे..."

"दरी?"

"कठड्यापाशी सहा मिनिटं थांबलो होतो. तीन मिनिटं पार्किंगलाच गेली."

"फुलं कुठल्या रंगाची होती?"

मिनिटराव अंदाज बांधू लागले. पांढरी म्हणावं का? गुलाबी? ठोकून द्यावं काहीतरी? पण समोर कोण बसलंय हे त्यांना आठवलं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "मी घड्याळाकडे बघत होतो." आणि मग एकदम, अडखळत, सगळंच बाहेर पडलं. "मला भीती वाटत होती गं. एकतीस वर्षं तू वाट बघितलीस. तिथं जाऊन काही चुकलं असतं, रस्ता बंद असता, फुलं झडलेली असती, तर तू मनात म्हणाली असतीस, एवढ्यासाठी थांबले होते? म्हणून म्हटलं, आधी सगळं नीट लागतंय का बघून यावं. वेळापत्रक चुकलं तर ते बदलता येतं. हे कसं बदलणार होतो मी?"

त्यांनी खिशातून तक्ता काढला आणि तिच्यासमोर ठेवला. धाकटीनं तो उचलून वाचला. "बायकोचं फुलांकडे बघणे, बावीस मिनिटं," ती मोठ्यानं म्हणाली. "ताई, तुला दोन मिनिटं वाढवून मिळालीत."

बायको हसली नाही. पण तिचे खांदे हलले आणि मग तिला आवरेना. हसता हसता तिनं डोळे पुसले, ते नक्की कशानं भरले होते ते तिलाच ठाऊक. मिनिटराव गुन्हेगारासारखे बसून होते.

तिनं एक पाकळी बोटावर घेतली आणि त्यांच्या नाकासमोर धरली. "चष्मा लावा. आता काय दिसतंय?"

मिनिटरावांनी चष्मा लावला, वाकले आणि बघत राहिले. इतका वेळ त्यांनी कशाकडे कधी बघितलं नसावं. "तपकिरी," ते म्हणाले.

"ती वाळली म्हणून. झाडावर कसली होती?"

"खरंच नाही माहीत."

"म्हणजे बघितली नाहीतच," बायको म्हणाली. तिनं तक्त्याची घडी घातली, आणखी एक घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल स्थिर झालं. "धाकटे, तुझी बॅग तू घरी ने. आम्ही दोघंही पहिल्यांदाच चाललोय."

"ताई!" धाकटी म्हणाली, पण तिनं बॅग उचलली.

मिनिटरावांना बोलायचं नव्हतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते, मूठही आवळली होती. तरी ते तोंडातून निसटलंच. "निघायचं कितीला?"

बायकोनं त्यांचा हात ओढून घेतला, मनगटावरचं घड्याळ सोडवलं आणि आपल्या खिशात टाकलं.

"जाग आली की," ती म्हणाली.

चौतीस वर्षांत असली वेळ त्यांनी कुठल्याही रकान्यात लिहिली नव्हती. त्यांनी ती मनातल्या मनात दोनदा म्हणून बघितली आणि मान डोलावली. या वेळी खिसा रिकामा होता.