पाठमोरी परीक्षा

पन्नाशीतल्या बायकोला ट्युबा हा अगडबंब पितळी भोंगा वाजवायचा आहे, हे आमच्या ह्यांनी एकदाचं पचवलं होतं. पण तो कोणता घ्यायचा हे तिनंच ठरवावं, हे काही पचेना.

कॅल्गरीतल्या आमच्या कम्युनिटी बँडचा उसना ट्युबा मी वर्षभर वाजवला. दोन हजार नऊच्या हिवाळ्यात मात्र स्वतःचा घ्यायचं ठरलं. दुकानातल्या तीन ट्युबांपैकी चार व्हॉल्व्हचा थोराड जर्मन मी आधीच्याच शनिवारी मनानं घरी नेला होता. त्याचा खालचा सा लागला की पोटात ऊब यायची. ह्यांना हवा होता कोरोलाच्या डिकीत मावेल असा छोटा.

"सुनेत्रा, तू रंगरूपावर भाळतेस," दुकानात शिरताच हे म्हणाले. ह्यांची पंचवीस वर्षं ऑइल कंपनीत पंप निवडण्यात गेलेली. "आपण ब्लाइंड टेस्ट करू. मी पाठ करून उभा राहतो, तू तिन्ही वाजव. मी सिलेक्ट करेन तोच घ्यायचा. डील?"

"डील," मी म्हणाले. नाही म्हटलं असतं तर हात हलवत परत जायचं होतं.

हे गिटारच्या तारांकडे तोंड करून उभे राहिले. मी दुकानदार डगकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, आणि माझा जर्मनच मांडीवर घेतला. सा रे ग म वाजवलं. डगनं शहाण्यासारखे स्टँड खडखडवले. मी पुन्हा तोच वाजवला. पुन्हा खडखडाट. तिसऱ्यांदाही तोच. हे एकदा जरी वळले असते तर ट्युबाही गेला असता आणि अब्रूही.

"पहिला घोगरा," ह्यांनी निकाल सुरू केला. "दुसरा म्हणजे पत्र्याचा डबा. पण थर्ड वन! व्हॉट अ टोन! तोच घ्यायचा."

"क्वाइट ॲन इअर, सर," डग म्हणाला आणि खोकत मागच्या खोलीत पळाला.

हे वळले. माझ्या मांडीवरचं ते धूड बघून चरकले, पण शब्दाला जागले. "ट्रंकमध्ये नाही मावणार. मागच्या सीटवर ठेवू." मला ह्यांच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं, की खरं सांगून टाकावंसं वाटलं.

तेवढ्यात हे म्हणाले, "बघितलंस? पहिल्या दोन वेळा किती बेसूर वाजवलंस! वाद्य चांगलं असलं की तुझ्यासारखीलाही जमतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाशी आलेलं वाक्य मोठ्या मुश्किलीनं गिळलं, कारण ट्युबा अजून दुकानातच होता. पर्समधून काढलेलं माझं कार्ड मी परत आत ठेवलं.

"तुमच्या कानाला तोड नाही हो," मी म्हणाले. "आता तुमचं कार्ड द्या."