आवाजाचा रकाना

मिस्त्रींनी गजराच्या घड्याळाचं मागचं झाकण तिसऱ्यांदा उघडलं, सेल काढला, आतल्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासल्या आणि सेल परत बसवला. गजर साडेदहाला लावून त्यांनी घड्याळ कामाच्या टेबलावर, पान्यांच्या शेजारी उभं केलं. दहाला पाच कमी असतानाचा गजर वाजला नव्हता. सव्वादहाचाही नाही. आता हा शेवटचा, असं त्यांनी घड्याळालाच बजावलं.

बायको आठवड्याभरासाठी बहिणीकडे गेली होती. निघताना सांगून गेली, "त्या घड्याळाच्या भरवशावर राहू नका, त्याचा गजर कधीच मेलाय. शेजारच्या भाऊंना सांगितलंय, सहाला दार वाजवतील." आणि भाऊ तीन दिवस इमानेइतबारे वाजवत होते, दार मोडतंय की काय असं. ज्याने आयुष्यभर लोकांच्या बंद पडलेल्या गाड्या सुरू केल्या त्याला उठवायला शेजारी लागावा, हे काही मिस्त्रींना पटेना. म्हणून आज घड्याळ गॅरेजात आलं होतं.

दारात पांढरी गाडी येऊन थांबली तेव्हा मिस्त्रींच्या कपाळाला आठी पडली. गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची. दोनच माणसांची, उघड्या टपाची, शर्यतीच्या घाटाची. आणि हलकी इतकी, की हिला जॅक कशाला, दोघांनी बखोट धरलं तरी उचलली जाईल, असं मिस्त्री म्हणत. बाईंनी दोन महिन्यांपूर्वी ती कुणा शौकीन माणसाकडून जुनी घेतली होती. ब्रेक आवाज करतात आणि चाकं काळी होतात, म्हणून सोमवारी गॅरेजात आली, मंगळवारी गेली. आज गुरुवार.

"मिस्त्री, होती तशीच आहे हो," डॉक्टरीणबाई उतरता उतरता म्हणाल्या. "काडीचा फरक नाही."

"असं कसं होईल? मी स्वतः ट्रायल मारलीय. लोण्यासारखी थांबत होती."

"थांबते लोण्यासारखीच. पण किंचाळते केवढी! मी दवाखान्याच्या दारात ब्रेक मारला, की आत बसलेले पेशंट गाल धरतात. त्यांना वाटतं, मशीन सुरू झालं. काल तर एक जण उठून घरीच गेला."

मिस्त्री हसले, पण ते हसू वरवरचं होतं. सोमवारी त्यांनी ओल्या फडक्याने सगळी पूड पुसून काढली होती, पिनांना ग्रीस लावलं होतं. ब्रेकचे पॅड जाड होते, नव्यासारखे, म्हणून तेच परत घातले. आणि ट्रायलला एवढासासुद्धा आवाज नव्हता. या गॅरेजची सगळी इभ्रत मिस्त्रींच्या कानावर उभी होती. कुठल्या चाकात काय बोलतंय ते हा माणूस अचूक सांगतो, अशी त्यांची ख्याती होती, आणि ती त्यांना कुणी ऐकवली तर आवडतही असे.

"आधी ते बंद करा ना," डॉक्टरीणबाई कपाळ आक्रसून म्हणाल्या.

"काय बंद करू?"

"ते घड्याळ! मी आल्यापासून कोकलतंय. दिवसभर तसलाच आवाज असतो माझ्या कानाशी, इथे तरी नको."

मिस्त्रींनी वळून पाहिलं. काटे साडेदहाच्या पुढे सरकले होते. त्यांनी घड्याळ उचललं. मागचं झाकण अजून उघडंच होतं आणि आतली टिकलीएवढी चकती अंगठ्याखाली थरथरत होती, मुठीत धरलेल्या माशीसारखी. त्यांनी बटण दाबलं. थरथर थांबली, आणि बाईंचं कपाळ सैल झालं.

त्यांनी घड्याळ जपून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "चला, एक फेरी मारू. तुम्ही चालवा."

दोघं निघाले. मिस्त्रींना सगळं ऐकू येत होतं. इंजिनाची घरघर, टायरखालची खडी, लांबच्या ट्रकचा हॉर्न, गिअर टाकतानाचा खटका. कोपऱ्यावर बाईंनी ब्रेक दाबला. बाकावर पेपर वाचणाऱ्या गृहस्थांनी मान वर करून शिव्या दिल्यासारखं तोंड केलं. भिंतीपाशी झोपलेलं कुत्रं उठून चालायला लागलं. मिस्त्रींना मात्र ती बारीक किंकाळी ऐकूच आली नाही.

"ऐकलंत?" बाईंनी विचारलं.

"हं," ते म्हणाले. एवढं खोटं त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच गेलं असावं.

गाडी लावून जाताना डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, "वहिनी कधी येणार? माझ्या आधीच्या गाडीचा आवाज त्यांनीच तर शोधला होता. दोन फेऱ्या मारल्या माझ्याबरोबर, खिडकीबाहेर डोकं काढून. म्हणाल्या, मिस्त्री गाडीखाली आहेत, त्यांना कशाला उठवायचं, मी ऐकते आणि लिहून ठेवते."

बाई गेल्यावर मिस्त्रींनी दुकानाचं दार अर्धं ओढलं आणि कपाटातून जुन्या जॉब कार्डांचे गठ्ठे काढले. येणाऱ्या गाडीचं कार्ड बायकोच भरायची. गाडी कुणाची, तक्रार काय, आणि खाली एक रकाना आवाजाचा. गिऱ्हाईक सांगतं ते ती उतरवून घेते, असंच मिस्त्री आजवर धरून चालले होते. आता ते एकेक कार्ड उन्हात धरून वाचू लागले.

'पुढचं डावं. हळू थांबताना बारीक शिटी. मागे घेताना नाही.' दुसऱ्यावर, 'मागचं उजवं. सकाळी पहिल्या दोन ब्रेकला, नंतर बंद.' तिसऱ्यावर, 'वळणावर आतल्या चाकाला, चिमणीसारखं.'

कुठलं गिऱ्हाईक असं सांगतं? गिऱ्हाईक सांगतं, कसलातरी आवाज येतो बुवा, बघा जरा. सहा वर्षांपूर्वीच्या कार्डांवर तसंच होतं. 'आवाज येतो.' बस. त्यानंतर अक्षर तेच, पण रकाना भरगच्च. आणि मिस्त्री ते कार्ड वाचून गाडीभोवती एक चक्कर मारत, नेमक्या चाकावर हात ठेवत, आणि गिऱ्हाईक तोंडात बोट घालत असे. बायको तेव्हा टेबलाशी बसून पुढचं कार्ड भरत असायची. सहा वर्षं तिने या कानाचं त्या कानाला कळू दिलं नव्हतं.

त्यांना आधी लाज वाटली, आणि पाठोपाठ भीती. ऐकू न येणारा मिस्त्री म्हणजे कसला मिस्त्री. लोकांना कळलं तर दाराला कुलूपच. पण गठ्ठा पुन्हा बांधताना, सुतळीची गाठ मारता मारता, त्यांचे डोळे भरून आले, आणि ते भीतीने नव्हतं. आपल्यासाठी कुणीतरी रोज इतकं करत होतं आणि आपण पत्ताही नसताना मजेत जगत होतो, या विचाराने त्यांना आतून ऊब आली. एवढे उपकार फेडायचे म्हटले तर कुठून सुरुवात करायची, तेही त्यांना सुचेना.

सुचलं ते कामच. त्यांनी चाकं काढली, पॅड उन्हात नेले, नखाने खरवडून पाहिले. दगडासारखे कठीण. डोळ्यांना जे सोमवारी दिसायला हवं होतं ते आत्ता दिसलं. शौकीन मालकाने शर्यतीचे पॅड घातले होते. असले पॅड चांगले तापल्याशिवाय नीट काम करत नाहीत, आणि एवढ्या हलक्या गाडीला थांबवताना, तेही गल्लीबोळात, ते तापणार कधी? थंडपणी किंचाळायचं आणि चाकामागची डिस्क खाऊन काळी पूड उडवायची, एवढंच त्यांना जमत होतं. दुसऱ्या दिवशी मऊ पॅड आले. मिस्त्रींनी डिस्क पॉलिश पेपरने घासल्या, पॅडच्या कडा कानशीने घासून उतरत्या केल्या, पाठीला थरथर शोषणारे पातळ पत्रे लावले, आणि सगळं होताना कितीदा तरी बोटांनी चाचपून पाहिलं. ट्रायल मात्र त्यांनी घेतली नाही. डॉक्टरीणबाईंना निरोप धाडला, गाडी रविवारी मिळेल.

शनिवारी सकाळी बायको आली ती घरी पिशवी टाकून थेट गॅरेजात.

"अहो, वेळेवर उठत होतात ना?"

"भाऊंनी दार खिळखिळं केलंय. चल, बस गाडीत."

"मी? या पोरासोरांच्या गाडीत? या वयात?"

"नवे पॅड बसवायला फेरी मारावी लागते. दोनच सीट आहेत, आणि एकट्याने होत नाही ते."

तिने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. एकट्याने होतं ते, आणि हे ती जाणून होती. पण ती पदर खोचून त्या खोलगट सीटमध्ये उतरली, उतरताना "अगं आई गं" म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मोकळ्या रस्त्यावर मिस्त्रींनी वेग घेतला, ब्रेक दाबत हळू केलं, पूर्ण थांबू दिलं नाही, पुन्हा वेग घेतला. असं आठ-दहा वेळा करायचं, म्हणजे पॅड डिस्कवर बसतात. पहिल्या ब्रेकला त्यांनी समोर बघत विचारलं, "आहे?"

बायकोने पदर कानामागे सारला. वाऱ्याने तिचे केस विस्कटले होते.

"आहे थोडा," ती म्हणाली. "उजवीकडून."

दुसरा, तिसरा. "आहे?" "कमी झाला." सहाव्याला तिने विचारायची वाटच पाहिली नाही, "गेला," म्हणाली. तरी मिस्त्रींनी आणखी चार वेळा केलं. दहाव्या वेळी ती डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ही मान अशी कलती करून ती किती अनोळखी गाड्यांत बसली असेल, असं त्यांच्या मनात आलं.

गॅरेजात परतल्यावर मिस्त्रींनी कार्ड आणि पेन तिच्यापुढे ठेवलं. बाकी सगळं त्यांनी आपल्या गिचमिड अक्षरात भरलं होतं. आवाजाचा रकाना तेवढा कोरा होता. तिने तो पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि सावकाश लिहिलं, 'नाही.'

मग तिची नजर टेबलावरच्या घड्याळाकडे गेली. झाकण उघडं, सेल बाजूला. पेन हातातच राहिलं.

"हे इथे कशाला आणलंत?"

"गजर बघत होतो."

"मग?" तिचा आवाज जरा बारीक झाला होता.

मिस्त्रींनी झाकण लावलं, घड्याळ फडक्याने पुसलं आणि तिच्या पिशवीत ठेवलं.

"तू म्हणालीस तेच खरं. गजर मेलाय. सगळं करून पाहिलं, नाही जमला दुरुस्त करायला."

"तुम्हालासुद्धा?"

"मलासुद्धा," ते म्हणाले. "तूच उठवत जा."