हळदीच्या मांडवातला एक पेला

मित्रांनो, मी स्टीलचा एक जुना शेकर आहे. व्हिस्कीत लिंबू आणि साखरेचा पाक घालून ती बर्फासोबत खळखळून हलवायचं झाकणाचं भांडं, ते मी. आता अंगाला पोचे पडले आहेत आणि माळ्यावरची धूळ माझ्यावर बसते.

नयनने मला पहिल्या पगारातून घेतलं. घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलात तो बारमागे उभा राहायचा. ऑफिसातून दमून आलेली माणसं त्याच्या हातचा पेला घेऊन सैलावायची. काम संपलं की तो मला मऊ फडक्याने पुसायचा, माझ्यात चेहरा बघून केस नीट करायचा. फार चांगले दिवस होते ते.

मग त्याच्या बहिणीचं, ऋतिकाचं लग्न ठरलं. हळदीच्या संध्याकाळी दारात मांडव होता, बेंजो वाजत होता आणि सगळे नयनच्या मागे लागले होते, "हॉटेलात बनवतोस ते आम्हाला पण पाज की रे!"

नयनने हौसेने टेबल मांडलं. दोन भाग व्हिस्की, एक भाग लिंबू, एक भाग पाक, वर मूठभर बर्फ. माझं अंग गारठून ओलं होईपर्यंत त्याने मला हलवलं. पहिल्याच पेल्याला वाहवा मिळाली. मलाही हुरूप आला.

तेवढ्यात त्याचा आतेभाऊ प्रितम आला. डॉक्टरांनी तंबी दिल्यापासून आठ महिने त्याने थेंब घेतला नव्हता. नयनला हे ठाऊक होतं.

"मला नको रे," प्रितम म्हणाला.

"दादा, ऋतिकाची हळद आहे. सरबतच आहे हे, चव तर बघ."

"नको बोललो ना."

"माझ्या हातचा एक पण नाही घेणार?"

प्रितमने पेला घेतला. "भारी बनवतोस," म्हणून नयनच्या पाठीवर थापही मारली.

त्या दिवसापासून प्रितमची दारू पुन्हा सुरू झाली. आधी रविवारी, मग रोज. दिवाळीच्या तोंडावर तो कल्याणच्या एका इस्पितळात वारला.

नयनने हॉटेल सोडलं. आता तो एका गोदामात पार्सलं लावतो. एके सकाळी त्याने मला भंगारात द्यायला बाहेर काढलं, आणि त्याच वेळी प्रितमची बायको करिश्मा महिन्याच्या विधीचं सांगायला आली.

"वहिनी," नयन म्हणाला. "मीच पाजली त्याला."

करिश्माने माझ्याकडे बघितलं.

"मी तिथेच होते, भावोजी. हळदीचं ताट होतं माझ्या हातात. सगळं बघत होते. चारचौघांत ह्यांना कसं अडवू, म्हणून गप्प बसले."

नयन रडू लागला. "बारापर्यंत या," एवढं सांगून ती पायऱ्या उतरून गेली. त्याने मला उचलून माळ्यावर ठेवलं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही दारात मांडव पडतील. कुणी नको म्हटलं तर त्याला दुसऱ्यांदा विचारू नका. आणि दुसरं कुणी आग्रह करताना दिसलं, तर हातातलं ताट खाली ठेवून, सगळ्यांदेखत बोला. मला तोंड आहे, पण बोलता आलं नाही.