आडव्या माणसाची सुट्टी

लहानपणापासून आई मला एकच प्रश्न विचारत आली होती. "असं लोळत पडलास तर कोण पगार देणार आहे तुला?" अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं, एवढं मला कळत होतं. तरी उत्तर आपणहून चालत आलं. गाद्यांच्या कारखान्यात मला तपासनीस म्हणून घेतलं. तयार गादी आली की बूट काढून तिच्यावर पडायचं. आधी पाठीवर, मग डाव्या कुशीवर, मग उजव्या. टाचेने स्प्रिंगा दाबायच्या, कुठे टोचतं, कुठे कुरकुरतं ते सांगायचं आणि उठून पुढच्या गादीवर पडायचं. पहिला पगार आईच्या हातात ठेवला तेव्हा तिने तो दोनदा मोजला. मग म्हणाली, "निदान उठताना चादर तरी नीट करत जा." हार मान्य करायची तिची पद्धत अशीच आहे.

बाबा निवृत्त पहारेकरी. त्यांनी आयुष्यभर जागं राहून पगार घेतला, मी आडवं राहून घेतो. त्यामुळे घरात एक प्रकारचा समतोल होता.

कारखान्यात नियम एकच, तोही भिंतीवर रंगवलेला. आडवं व्हायचं, झोपायचं नाही. झोपलेल्या माणसाला सगळ्याच गाद्या चांगल्या वाटतात, असं साहेबांचं म्हणणं. आणि ते खरंही आहे.

एका दुपारी जेवण झाल्यावर मी एका नव्या डबल गादीवर पडलो. पाठीवर झालं, डावी कूस झाली. उजवी आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा साहेब समोर उभे होते आणि उतू गेलेल्या दुधाकडे बघावं तसे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "मी झोपलो नव्हतो." गालावर गादीच्या शिवणीची नक्षी उमटलेली होती, हे मला नंतर आरशात कळलं.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणारा माणूस संध्याकाळपर्यंत थंड होतो. साहेब हळू आवाजात म्हणाले, "पुष्कळ झालं. तुम्हाला आता सुट्टी." आणि निघून गेले.

सुट्टी हा शब्द फार वाईट आहे. शाळेत सुट्टी झाली की आपण ओरडत बाहेर पळतो. माझी ताई नर्स आहे. तिच्या इस्पितळात पेशंटला सुट्टी मिळाली की नातेवाईक हसतात आणि कायमची मिळाली की रडतात. आणि नोकरीत एखाद्याची सुट्टी केली म्हणजे त्याने परत यायचं नसतं. आता साहेब 'तुम्हाला सुट्टी' म्हणाले होते, 'तुमची सुट्टी' म्हणाले नव्हते. 'ला' आणि 'ची' यांच्या मधल्या फटीत माझी नोकरी लटकत होती. मागे जाऊन विचारायला हवं होतं. पण विचारलं नाही तोवर ती साधी सुट्टी होती. विचारल्यावर काय होईल कोणी सांगावं.

शेजारच्या टेबलावर माझा मित्र उशा तपासतो, म्हणून त्याला सगळे उशी म्हणतात. तो फक्त डोक्याने काम करतो, त्यामुळे साहेबांचा त्याच्यावर जीव. बूट घालताना मी त्याला सगळं सांगितलं. किती दिवसांची सुट्टी ते सांगितलं का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. त्यावर त्याने उठून माझ्याशी हात मिळवला. सुट्टीवर जाणाऱ्या माणसाशी कोणी हात मिळवत नाही.

घरी मी सुट्टी मिळाली एवढंच सांगितलं. आईला आनंद झाला. बाबांनी पगारी की बिनपगारी ते विचारलं. मी म्हणालो, साहेब फार हळू आवाजात बोलले. ताईने विचारलं, किती दिवस? माझ्या तोंडून निघून गेलं, "बघू."

आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होतो. सायकल बघू. कुत्रा बघू. समुद्रावर जाऊ का, बघू. ताईची भुवई वर गेली ती जेवणं होईपर्यंत खाली आली नाही.

मग माझी सुट्टी सुरू झाली. सगळ्यांनी मिळून ठरवलं की मी मजा करायची. आईने बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर, तिच्या त्या जुन्या कापसाच्या गादीवर, धुतलेली चादर घातली आणि पड म्हणाली. मी पडू शकलो नाही. पाठ टेकली की टाच आपोआप गादी दाबायला लागायची आणि कानात तो हळू आवाज यायचा. शेवटी मी उभ्यानेच सुट्टी काढायला लागलो. खिडकीत उभा, ओट्याशी उभा, न्हाणीघराच्या दाराशी उभा.

आई म्हणाली, "वसुलीला आल्यासारखा काय उभा राहतोस? बस तरी."

फोनची भीती तर विचारूच नका. फोन आला की कळणार आणि कळलं की संपणार. म्हणून मी तो पिठाच्या डब्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी आईने डबा उघडला तेव्हा पीठ वाजत होतं. उशी होता. मी उचलला नाही. वाजणं थांबलं आणि त्याचा निरोप आला. एकच ओळ. "तुझ्या गादीवर दुसरं कोणीतरी आहे."

गादीवर दुसरा आला की आधीच्याचं काय होतं, ते इतिहासाच्या पुस्तकात असतं. 'आणि मग तो मजेत राहू लागला' असं तिथे कुठेच लिहिलेलं नसतं. कोणाला तुरुंगात टाकतात, कोणाला कड्यावरून ढकलतात. मी फोन पुन्हा पिठात पुरला.

त्यानंतर जिन्यात पाऊल वाजलं की मी श्वास रोखायचो. दाराची घंटा मीच बंद करून टाकली. तर लोक दार ठोठावायला लागले, आणि ते जास्त भयंकर. दूधवाला आला तरी मी मोरीत. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या तरी मी मोरीत. बाबा हे सगळं बघत होते. चोर असाच चालतो, एवढंच म्हणाले. पण कोणापासून लपतोय हे त्यांनी विचारलं नाही. खुर्ची खिडकीशी ओढली आणि पहाऱ्याला बसले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला होता. घरात सुट्टी एन्जॉय करणारा माणूस असलाच तर तो तेवढाच.

ताईला मात्र चैन पडेना. तिने मला स्वयंपाकघरात गाठलं आणि नाडी तपासायच्या बहाण्याने मनगट पकडलं. मी सगळं ओकलो. ती म्हणाली, जाऊन सरळ विचार. मी म्हणालो, विचारलं आणि गेली असली तर? आई पुन्हा तो प्रश्न विचारायला लागेल, आणि या खेपेला माझ्याकडे उत्तर नसेल. मला दुसरं काहीच येत नाही ताई. मला फक्त पडता येतं. ताईने मनगट सोडलं. तिला हसू आलं होतं, पण ती हसली नाही. त्यामुळे मी जास्तच घाबरलो.

त्या दुपारी बाबा खिडकीतून सपाट आवाजात म्हणाले, "फाटकातून एक माणूस आत आलाय. बारीक. टक्कल. शर्ट खोचलेला. वर बघतोय."

साहेब होते. मी मोरीकडे धावलो, तर आत आई कपडे धूत होती. मग सरळ पलंगाखाली. तिथे एक ट्रंक होती आणि कोणत्याही सुट्टीत कुठेही न गेलेली एक सूटकेस. दोघींच्या मधे मी.

दार ताईने उघडलं. साहेबांनी मी घरी आहे का ते विचारलं. ताई म्हणाली, बाहेर गेलाय, सुट्टीवर आहे ना तो. साहेबांनी दाराशी बूट काढले. मग "हो. सुट्टीवर," असं म्हणाले. त्या आवाजाने माझी अर्धी नोकरी तिथेच गेली. मग म्हणाले, थांबतो मी.

बसायला जागा पलंगाचीच. फळ्या खाली आल्या आणि माझ्या नाकासमोर थांबल्या. साहेबांचं वजन त्यांच्या पदाच्या मानाने फारच कमी होतं. गादी कुणाची, असं त्यांनी विचारलं. आई साबणाचे हात पुसत आली आणि माझीच म्हणाली, अधूनमधून ऊन दाखवते तिला. साहेबांनी हुंकार दिला. मग फळ्यांवरचा दाब हळूहळू लांबवर पसरला. साहेब आडवे झाले होते. आधी पाठीवर. मग डावी कूस. मग टाच दाबली, नेमकी माझ्या कानाशी. मी डोळे मिटून घेतले. माझ्या घरी, माझ्या डोक्यावर, माझंच काम चाललं होतं.

आणि मग वरून घोरणं सुरू झालं.

आई चहा घेऊन उभी होती. ताई दाराशी उभी होती. बाबा खुर्चीतून म्हणाले, "झोपला." चोर पकडल्याचं समाधान होतं त्यांच्या आवाजात.

एक फळी कर्रकन वाजली. नोकरी अंगावर कोसळते म्हणतात ती अशी, हे मला समजलं. मी सूटकेसला मिठी मारली. सूटकेसवर सगळ्या न केलेल्या प्रवासांची धूळ होती. मला शिंक आली.

साहेब दचकून उठून बसले आणि म्हणाले, "मी झोपलो नव्हतो."

आवाज घाबरलेला होता. तो मी लगेच ओळखला, कारण तो माझाच होता. डोकं काही ठरवायच्या आत तोंड बोलून गेलं. पलंगाखालून मी म्हणालो, "पुष्कळ झालं. तुम्हाला आता सुट्टी."

मग पलंगाच्या कडेवरून साहेबांचं डोकं उलटं खाली आलं. चेहरा पांढरा पडला होता.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मी बाहेर आलो. ताईने त्यांना पाणी दिलं. मग साहेब जे बोलले ते मी आयुष्यात विसरणार नाही. मी गेल्यावर तपासायला कोणी उरलं नाही, म्हणून साहेब स्वतःच त्या डबल गादीवर पडले. उशीने पाहिलेला 'दुसरा' तो तेच. पाठीवर झालं, डावी कूस झाली, आणि डोळे उघडले तेव्हा समोर कारखान्याचे मालक. मालकही ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, पुष्कळ झालं, तुम्हाला आता सुट्टी. साहेबांना विचारायचा धीर झाला नाही. कालपासून डोळ्याला डोळा नव्हता. शेवटी ते माझ्याकडे विचारायला आले होते, कारण हे वाक्य ऐकलेला दुसरा माणूस त्यांच्या ओळखीत नव्हता.

मी म्हणालो, "पण मला तर तुम्हीच म्हणालात. तुम्हाला कुठली म्हणायची होती?"

साहेब चादरीकडे बघत म्हणाले, "तेव्हा ठरलं नव्हतं. म्हटलं, तुम्ही विचाराल तेव्हा ठरवू. तुम्ही विचारलंच नाहीत."

ताईने कपाळावर हात मारला. आई मात्र स्वयंपाकघरात गेली, पिठाच्या डब्यातून फोन काढला, पदराने पुसला आणि उशीला लावून स्पीकरवर टाकला. मालकांना दे म्हणाली.

उशी कुजबुजत होता. मालकांना देता येणार नाही, म्हणाला. त्या गादीत काय आहे ते स्वतः बघतो म्हणून मालक तिच्यावर पडले होते. पडायच्या आधी म्हणाले होते, "त्या दोघांचं मी उठल्यावर बघू." आता सगळा कारखाना भोवती उभा होता आणि कोणाची हिंमत होत नव्हती.

बघू. आईने माझ्याकडे बघितलं. ताईने बघितलं. बाबांनी तर खिडकीकडे पाठ फिरवली.

"उठवू का?" उशीने विचारलं.

मी म्हणालो, "नको."

साहेबही म्हणाले, नको. मालक झोपलेत तोवर आमची दोघांची सुट्टी ही सुट्टीच होती. आईने फोन उशाशी ठेवला. साहेब भिंतीकडे सरकले आणि मी त्यांच्या शेजारी पडलो. सगळ्या सुट्टीत पहिल्यांदा. आम्ही छताकडे बघत मालकांचं घोरणं ऐकत होतो. ते लांबलं की आमचाही श्वास लांबायचा.

मग ते थांबलं. एक स्प्रिंग कुरकुरली. कूस वळली की एकच कुरकुरते. उठून बसलं की दोन.

दुसरी कुरकुरली. साहेबांनी माझा हात घट्ट धरला.

"मी झोपलो नव्हतो," मालकांचा आवाज आला.

पलीकडे एवढे लोक उभे, पण कोणी बोलेना. आता उशी ते वाक्य म्हणणार, असं मला वाटलं. पण तो डोक्याने काम करणारा माणूस. म्हणाला, "छे हो मालक. आडवे झाला होतात फक्त."

मग मालक खाकरले आणि म्हणाले, "ते दोघं कुठायत? झाली की आता त्यांची सुट्टी. उद्या बोलवा त्यांना. ही गादी कोणीतरी धड तपासायला हवी."

म्हणजे ती साधीच सुट्टी होती. साहेबांनी माझा हात सोडला, बूट शोधले आणि चहा न घेताच निघाले. आई पलंगाशी येऊन उभी राहिली. "एवढी सुट्टी मिळाली," म्हणाली, "आणि एक दिवस लोळला नाहीस मेल्या."

मी पडूनच होतो. गादी ऊन दाखवलेली होती, चादर धुतलेली होती. उद्या सकाळी पुन्हा त्या डबल गादीवर पाठ टेकायची होती, आणि मला आत्ताच झोप यायला लागली होती.