उलट्या गाठींच्या सात ओळी

बंदरावरच्या संग्रहालयाला सात वर्षं झाली, पण मावशी एकदाही त्याची पायरी चढल्या नव्हत्या. त्यांची जाळी विणायची शेड बरोबर समोर, मध्ये फक्त बर्फाच्या गाड्यांचा रस्ता. "जन्मभर खवल्यांत हात घातलेत, आता तेच तिकीट काढून कोण बघतंय?" असं म्हणून त्यांनी विषय मिटवला होता. आणि मावशींनी मिटवलेला विषय पुन्हा काढायची छाती बंदरावर कुणाची नव्हती.

बावीस वर्षांपूर्वी त्यांनी असाच एक विषय मिटवला होता. धाकट्या भावानं ताईचं न ऐकता भर वाऱ्यात बापाची होडी काढली आणि खडकावर घातली. तो वाचला, होडी गेली, आणि हाय खाऊन बापही गेला. "पुन्हा मला तोंड दाखवू नकोस," मावशी म्हणाल्या. रागाच्या भरात माणूस वाट्टेल ते बोलतो; पण हा पठ्ठ्याही बहिणीच्याच वळणावर गेलेला. त्यानं खरंच तोंड दाखवलं नाही. मावशींचा राग दोन वर्षांत ओसरला, मग नुसती आठवण उरली. तो कुठे आहे, आहे की नाही, हेही कुणी सांगेना.

त्या दिवशी संग्रहालय सांभाळणारी पोरगी शेडमध्ये आली. ती बाहेरगावची, चार वर्षांपूर्वी इथं नोकरीला लागलेली.

"मावशी, पोरांनी ओढून ओढून आमचं जाळं फाडलंय. तेवढं सांधून द्या ना."

"हात कशाला लावू देतेस पोरांना?"

"अहो, तिथं पाटीच आहे, 'हात लावा'."

मावशींनी कपाळाला हात लावला. त्यांचं उभं आयुष्य जाळ्यांना हात लावू नका म्हणून ओरडण्यात गेलं होतं. तरी सुई-दोरा घेऊन त्या निघाल्या. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून पोरीनं रस्ता ओलांडताना कोपर धरलं, ते त्यांनी दोनदा झटकलं.

आत पोरीला दाखवायची भारी हौस. देवमाशाचा मणका झाला, शिंपले झाले. मग उथळ टाकीतला तारामासा.

"धरा, चावत नाही."

"मला काय चावणार तो!" म्हणत मावशींनी हात घातला. तारामासा हळूच बोटाला चिकटला, तर त्यांना तो सोडवेना. पुढं होडीच्या सुकाणूचं चाक होतं. पोरीची पाठ वळलेली पाहून त्यांनी तेही एकदा फिरवून घेतलं.

जाळं खिडकीपाशी चौकटीत ताणलेलं होतं. समोर बाक, आणि ज्याला गाठ मारून बघायचीय त्याच्यासाठी दोऱ्याची सुई. मावशी भोक शोधत बोटं फिरवू लागल्या. "या काय गाठी म्हणायच्या! शिंकलं तरी सुटतील," असं पुटपुटत त्या कडेपर्यंत आल्या आणि त्यांचा हात थांबला.

या गाठी घट्ट होत्या, एकसारख्या होत्या, आणि उलट्या होत्या. दोरा उजवीकडून वळायचा तो डावीकडून वळलेला.

मावशी चौदा वर्षांच्या आणि भाऊ सहाचा, तेव्हा त्यांनी त्याला गाठ शिकवली होती. शेजारी बसवायचं सोडून समोर बसवलं, आणि पोरानं समोर दिसलं तसं उचललं. बाप पोट धरून हसला होता. पुढं किती जणांनी सांगितलं, पण यानं गाठ बदलली नाही. "ताईनं शिकवली तीच खरी," म्हणायचा. अशी गाठ मारणारा दुसरा माणूस मावशींनी पाहिला नव्हता.

"हे कुणी विणलं?"

"ते होय? एक काका येतात दरवर्षी, होड्या किनाऱ्यावर ओढल्या की. इथं बसतात, एक ओळ विणतात, खिडकीतून बघत राहतात नि जातात. पहिल्या तीन ओळी मी यायच्या आधीच्या."

मावशींनी बोटांनी मोजल्या. सात भरल्या. खिडकीतून काय दिसतं ते विचारायची गरज नव्हती. समोर त्यांचीच शेड होती.

"बोलत नाही काही?"

"दर वेळी एवढंच, समोरच्या मावशी बऱ्या आहेत ना? मला वाटलं, तुमचं गिऱ्हाईक असेल."

"मग तू काय सांगतेस?"

"सांगते, ठणठणीत आहेत. ओरडतात ते इथवर ऐकू येतं."

"मग?"

"मग हसतात खूप. आणि डोळे पुसतात."

मावशी बाकावर बसल्या. जिवंत आहे, एवढंच बराच वेळ त्यांच्या मनात फिरत राहिलं. हसतो अजून. सात वर्षं रस्त्यापलीकडे येऊन बसला, आणि आपण तिकिटावरून वाद घालत राहिलो. त्यांना रडू आलं, आणि पोरीसमोर आलं याचा रागही आला.

मग त्यांनी सुई उचलली. भोक सांधलं, आणि सातव्या ओळीखाली आठवी ओळ विणली, आपल्या सरळ गाठींची. उठताना त्या पोरीला म्हणाल्या, "यंदाच्या होड्या अजून पाण्यात आहेत. म्हणजे तो यायचाय."

"हो. काही निरोप देऊ?"

मावशींनी पदरानं नाक पुसलं. एकदा बोललेला शब्द मागं घेणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"सांग त्याला, ताईला आताशा नीट दिसत नाही. तोंड दाखवलं तरी काही कळायचं नाही तिला. तेव्हा खुशाल ये म्हणावं."