सू-हिंगची रंगभूषेची पेटी

मित्रांनो, मी कापराच्या लाकडाची एक जुनी पेटी आहे. चीनमधल्या तोइसान गावच्या एका सुताराने मला घडवलं आणि लेकीच्या, म्हणजे क्वान सू-हिंगच्या लग्नात दिलं. तिच्याबरोबर समुद्र ओलांडून मी लॉस एंजेलिसच्या चायनाटाउनमध्ये आले. नवरा लवकर गेला. सू-हिंग सिनेमात कामं करू लागली आणि माझ्यात दागिन्यांच्या जागी पावडर, काजळ, ब्रश आले.

पंधरा वर्षं ती पडद्यावर चहा द्यायची, हेरगिरी करायची आणि मरायची. घरी आली की मुलगी मे-फूंग विचारायची, "आई, आज कशाने मेलीस?"

"विषाने. काल सुरी होती, त्या मानाने आज आराम!"

मग तिला दाईची भूमिका मिळाली. पुरात अडकलेल्या एका गोऱ्या बाईचं बाळंतपण ती करते. संवाद मात्र तोडकेमोडके होते : "बाई नाही घाबर. बाळ येणार हो."

सू-हिंग दिग्दर्शकाला म्हणाली, "साहेब, जन्मभर बाळंतपणं केलेली दाई असं बोलेल? मला नीट बोलू द्या."

"लोकांना असंच आवडतं. जमत नसेल तर दुसरी आणतो."

तिने ब्रश माझ्यात ठेवले आणि झाकण लावलं. मला काखेत घेऊन ती दारापर्यंत गेली, तोच पोटाला उशी बांधून खाटेवर पडलेली नायिका ओरडली, "बोलू द्या हो त्यांना! मला दोन मुलं आहेत. माझी दाई असं बोलली असती तर मी उठून पळाले असते!"

सगळे हसले. दिग्दर्शक कुरकुरला, "एकदाच. बिघडलं तर कापून टाकीन."

सू-हिंगने नायिकेचा हात धरला. "भिऊ नकोस, पोरी. मी आहे ना इथे." ते दृश्य कापलं गेलं नाही.

सिनेमा चायनाटाउनच्या थिएटरात लागला, तेव्हा जडीबुटीवाले याव काका उठून ओरडले, "अरे, ही या खेपेला जगली की!" टाळ्या थांबेनात. शेवटी पडद्यावर नटांची नावं आली. त्यांत सू-हिंगचं नाव नव्हतं.

घरी येऊन मे-फूंगने काजळात ब्रश बुडवला आणि माझ्या झाकणाच्या आत लिहिलं : "क्वान सू-हिंग, दाई."

"काजळ नासवलंस," आई म्हणाली. पण तिने ते पुसलं नाही. पुढे काही कामं मिळाली, काही हुकली. तोडकंमोडकं मात्र ती पुन्हा कधी बोलली नाही.

आता मे-फूंगच्या नातीच्या कपाटात मी बटणं सांभाळते. मित्रांनो, तुमच्याही घरात जुन्या पेट्या असतील. त्यांची धूळ जरूर झटका. पण फडकं फिरवण्याआधी झाकण उघडून बघा, आत कुणी काही लिहिलंय का.