मिशीचा पुरावा

पाणीपुरवठा खात्यात तेवीस वर्षं पंप चालवणाऱ्या पंपकाकांना एका सोमवारी कळलं, की ते बाई आहेत.

त्याचं असं झालं. खात्यात नवे मोठे साहेब आले. माणसं स्वतःबद्दल वाटेल ते लिहितात, असं त्यांचं ठाम मत. तेव्हा नव्या ओळखपत्रावर स्त्री की पुरुष हे रक्तातल्या गुणसूत्रांवरून लिहायचं, असा त्यांनी हुकूम काढला. दोन एक्स दिसले की स्त्री, एक्सबरोबर वाय दिसला की पुरुष. सगळ्यांनी मुकाट रक्त दिलं. काकांच्या रक्तात दोन एक्स निघाले आणि संगणकानं हूं की चूं न करता त्यांच्या बायकोचं नाव ‘पती’ या रकान्यात टाकलं.

पंपघरात हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. घरी बायको म्हणाली, “तीस वर्षं ओला टॉवेल पलंगावर टाकणारी बाई मी तरी पाहिली नाही.”

काका हसले, पण मनात भलतीच शंका आली. पाच वर्षांपूर्वी त्यांना रक्ताचा कर्करोग झाला होता. तोच तर परतला नाही ना? ते थेट आपल्या जुन्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

“अहो, आजार नाही परतला,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला तुमच्या ताईंची अस्थिमज्जा दिली होती ना? तेव्हापासून तुमच्या अंगातलं रक्त त्यांच्या पेशी बनवतात. म्हणून दोन एक्स.”

काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. “मग मी पुरुषच ना?”

“इतकी वर्षं कोण होतात?”

“पुरुष.”

“मग मला काय विचारता? पण साहेबांना कागद हवा असेल, तर केसांच्या मुळाशी अजून तुमच्याच पेशी आहेत.”

काकांच्या डोक्यावर पीक नव्हतं. मिशीचे पाच केस मुळासकट उपटले गेले. अहवाल आला: एक्स, वाय.

तो घेऊन काका ताईसह कार्यालयात गेले. कारकुनानं दोन्ही अहवाल शेजारी ठेवले आणि कपाळाला हात लावला. “रक्त बाई, मिशी पुरुष. रकाना एकच आहे हो. आणि उद्या मिशी काढली तर?”

ताई पुढे झाली. “भाऊ, रक्त माझं आहे, नवरा माझ्या भावजयीचा आहे आणि माणूस तुमच्यासमोर उभा आहे. त्यालाच विचारा की!”

“तशी सोय नियमात नाही.”

“मनाई आहे?”

कारकुनानं हुकूम दोनदा वाचला. मनाई नव्हती. “काय लिहू?” त्यानं विचारलं. काका म्हणाले, “पुरुष.” पाव मिनिटात काम झालं.

मागे मीटर वाचणारी बाई उभी होती. तिच्या रक्तात वाय निघाला होता. वाय असूनही जन्मापासूनच तिचं शरीर बाईचंच घडलं होतं. ऐन तरुणपणी डॉक्टरांनी ते सांगितलं, तेव्हापासून नवऱ्याखेरीज कुणालाही तिनं कळू दिलं नव्हतं. अहवाल तिनं पालथा ठेवला. कारकुनानं ताईकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“काय लिहू?”

“स्त्री,” ती म्हणाली.

त्यानं लिहिलं. अहवाल उलटला नाही.

दुपारपर्यंत अख्खी रांग अशीच विचारून संपली. पंधरा दिवसांनी साहेबांचं परिपत्रक आलं: ‘तपासणीचा उद्देश सफल झाल्यामुळे ती बंद करण्यात येत आहे.’ त्यांच्या स्वतःच्या अहवालाचं पाकीट कुणी पाहिलं नाही.

रांगेच्या त्या सकाळी मात्र मीटरवाली बाई बाहेर पायऱ्यांवर नुसतीच बसून राहिली. काका दोन पायऱ्या खाली टेकले.

“मलाही आठवडाभर चुकीच्या रकान्यात घातलं होतं,” ते म्हणाले.

ती दचकली. मग तोंडावर हात धरून इतकी हसली, की आतून शिपाई बघायला आला.